पंगतीतले आणि वाढपी

गेल्या वर्षी ‘कॅप’चे, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीचे, काम संपले त्या दिवशी आम्ही सात प्राध्यापक जवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. दोघांनी थाळी घेतली, तिघांनी पंजाबी भाज्या मागवल्या, एकाचे पोट बिघडलेले असल्याने त्यांनी दहीभातावर भागवले आणि एका मॅडमचा उपवास होता. बिल आले तेव्हा कोणीतरी ‘टीटीएमएम’ म्हणाले आणि सर्वांनी मान डोलावली. मग मोबाइलवरचा कॅलक्युलेटर निघाला. कोणी काय खाल्ले, रोट्या कोणी किती घेतल्या, ताक कोणाचे, पाच टक्के कर प्रत्येकाच्या वाट्याला किती, असा सारा हिशेब झाला. एका सरांनी क्यूआर कोडवर बिल भरले आणि बाकीच्यांनी आपापली रक्कम त्यांना लगेच पाठवली. साहित्याच्या प्राध्यापकांना गणित येत नाही या समजाला आम्ही त्या दिवशी छेद दिला.

जिना उतरताना उपवासाच्या मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्याला काही ठेवलंच नाही.” त्याला म्हणजे वेटरला. कोणी म्हणाले, “सर्व्हिस चार्ज असेल की बिलात.” बिल काढून पाहिले, तो नव्हता. सुटे पैसे कोणाच्याच खिशात नव्हते. “पुढच्या वेळी बघू,” असे म्हणून आम्ही निघालो.

प्रसंग क्षुल्लक आहे. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. टेबलाभोवती बसलेल्या सात जणांनी आपसांतला हिशेब रुपयापर्यंत न्याय्य केला आणि ज्याने तासभर उभे राहून वाढले तो त्या हिशेबात आलाच नाही. हा केवळ आमचा विसरभोळेपणा होता काय? मला वाटते, या विसराला इतिहास आहे. आपल्याकडे पंगतीत कोणी बसावे यावर शंभर वर्षे वाद झाला. वाढणाऱ्याचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र आपण नीटसा विचारलाच नाही.

बिल ही वस्तू आपल्या समाजात तशी उशिरा आली. त्याआधी घराबाहेर जेवणे म्हणजे कोणाच्या तरी घरी जेवणे. मराठी आत्मचरित्रे वाचणाऱ्याला ‘वार लावून जेवणे’ हा प्रकार ठाऊक असतो. शिक्षणासाठी शहरात आलेला गरीब, बहुधा ब्राह्मण, विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा आठवडा काढत असे. ज्याला वारही मिळाले नाहीत तो माधुकरी मागे. या जेवणाला किंमत नव्हती, असे म्हणणे धाडसाचे होईल. यजमानाच्या मुलाला शिकवणे, बाजारातून काही आणून देणे, पानात पडेल ते मुकाट्याने खाणे आणि पुढे आयुष्यभर ते उपकार बोलून दाखवणे, ही ती किंमत होती. बिल नसते तेव्हा हिशेब नसतो असे नाही. तो फक्त फिटत नाही.

खानावळीने हा हिशेब फेडण्याजोगा केला. महिन्याचा दर ठरला, दोन्ही वेळचे जेवण ठरले आणि गावी गेलेल्या दिवसांचा ‘खाडा’ धरण्याचा नियम ठरला. खाडा हा शब्द मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. जे खाल्ले नाही त्याचे पैसे देणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्यात आहे. वार लावून जेवणाऱ्याला असा अधिकार कोठून असणार? मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, कुटुंब गावी ठेवलेल्या कामगारांना कामगारवस्तीतल्याच बायकांनी जेवू घातले. पगार झाला की पैसे, तोवर उधारी. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या स्वयंपाकाला ‘उद्योग’ म्हणून पहिल्यांदा ओळख मिळाली. खानावळीत वाढणारी बाई ‘मावशी’ असे. तिला टिप द्यावी हे कोणाला सुचले नसते. सुचले असते तर तिलाच तो अपमान वाटला असता. पण मावशी म्हटल्याने तिच्या श्रमाचा प्रश्न सुटत होता असे नाही. नात्याच्या शब्दाखाली तो झाकला जात होता, इतकेच.

हॉटेल आले ते या दोन्हींहून वेगळे. येथे कोणीही यावे, पैसे टाकावेत आणि खावे. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यामागचा संघर्ष आठवावा लागतो. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना शिकवतो त्या दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने १८४९मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तिच्या गुप्त बैठकांत परजातीच्या माणसाने केलेला पाव खाणे ही सभासदाची परीक्षा होती. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने एक सभा झाली आणि तेथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका कपाची ही किंमत कोणत्याही बिलात मावणारी नव्हती.

कोल्हापूरची गोष्ट याहून बोलकी आहे. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला साहाय्य केले आणि गिऱ्हाईक येईना तेव्हा स्वतः तेथे जाऊन, सोबतच्या मंडळींसह, चहा घेतला. पंचहौदमध्ये प्रश्न होता तो कोणाबरोबर आणि कोणाकडचे प्यावे याचा. कोल्हापुरात तो थेट हॉटेलवाल्यापाशी, म्हणजे करून देणाऱ्यापाशी, आला. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना नुसती बक्षिसी दिली असती तर त्यात नवे काही नव्हते. राजे बक्षिसे देतच आले आहेत. ते गिऱ्हाईक झाले, ही घटना नवी होती. दुकानदार आणि गिऱ्हाईक या नात्यात उपकार नसतो. अर्थात पैशाने सारे भेद मिटले असे समजणेही भाबडेपणाचे होईल. पुढे कितीतरी वर्षे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी होती आणि ती ज्याची त्यानेच धुवायची होती. पैसे तेवढेच, चहा तोच. वाढपी मात्र नाकारलेला.

मुंबईच्या इराण्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या उडुप्यांनी शहरी मराठी माणसाला हॉटेलात बसायला शिकवले. तेथील बिलाची जुनी पद्धत वयस्क मंडळींना आठवत असेल. कागद नसे. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघाले की वेटर आतूनच हाळी देई: अमक्या टोपीवाल्याचे इतके आणे. गल्ल्यावरचा मालक तेवढे घेई. सारा व्यवहार वेटरच्या स्मरणशक्तीवर आणि सचोटीवर चाले. दहा टेबलांवर कोणी काय घेतले हे तो डोक्यात ठेवी आणि मालक व गिऱ्हाईक दोघेही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत. पण पैसा मात्र त्याच्या हाताला लागत नसे. पुढे ‘रेस्टॉरंट’ आले, बिल कागदावर उतरून बडीशेपेच्या बशीत टेबलावर आले आणि पैसा वेटरच्या हातून जाऊ लागला. मोड परत येई तीही त्याच बशीत. त्या मोडीतले काही उचलायचे आणि काही ठेवायचे, हा आपल्याकडच्या टिपचा रूढ प्रकार. म्हणजे आपली टिप ही मुळात टक्केवारी नव्हती, ती उरलेले सुटे होती. २०१६मध्ये यूपीआय आले, त्यानंतरच्या काही वर्षांत सुटे पैसे खिशातून गेले आणि त्यांच्याबरोबर टिपही गेली. आमच्या सात जणांचे त्या दिवशी जे झाले त्यात या बदलाचाही वाटा होता.

‘टिप’साठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द नाही, असे म्हणणाऱ्यांनी जुनी मराठी आठवावी. बक्षीस आहे, दिवाळीची पोस्त आहे, कलावंताची बिदागी आहे, भटजींची दक्षिणा आहे, आणि अगदी खाली चिरीमिरी आहे. या प्रत्येक शब्दात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पायरी ठरलेली आहे. दक्षिणा वर चढते, पोस्त खाली उतरते. बिदागी सन्मानाने दिली जाते, चिरीमिरी टेबलाखालून सरकवली जाते. समान पायरीवरच्या माणसाला द्यायच्या पैशासाठी मात्र यातला एकही शब्द चालत नाही. कदाचित म्हणूनच आपण इंग्रजी ‘टिप’ उचलला. काही शब्दांची गंमत अशी की ते जगभर सारखे निघतात. फ्रेंचमध्ये टिपला ‘पूरब्वार’ म्हणतात, म्हणजे ‘पिण्यासाठी’. जर्मनमध्ये ‘ट्रिंकगेल्ट’, म्हणजे ‘पिण्याचे पैसे’. आणि आपण म्हणतो ‘चहापाणी’. मजुराला मजुरी द्यावी, वर घसा ओला करायला काही द्यावे, अशी ही कल्पना आहे. पण ‘चहापाणी’ या शब्दाने मराठीत बक्षिसी आणि लाच या दोघींना एकाच छत्रीखाली घेतले आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

जेथे टिपने वेतनाचीच जागा घेतली तेथे काय होते, हे अमेरिकेच्या इतिहासात दिसते. आज तेथे गेलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात जी गणिते शिकतो त्यांत बिलाच्या अठरा-वीस टक्के किती, हे एक असते. या रिवाजाची मुळे मात्र सौजन्यात कमी आणि गुलामगिरीनंतरच्या मजुरीत अधिक आहेत. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयान डब्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून नेमले. पगार अपुरा, बाकीचे प्रवाशांच्या मर्जीवर. मर्जी राखायची तर हसतमुख राहणे आणि अपमान गिळणे आलेच. या पोर्टरांनी १९२५मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७मध्ये कंपनीला करार करायला लावले. दरम्यान टिप ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी चाल आहे, असे म्हणणारेही अमेरिकेत होते. १९०९मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपबंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. पण १९२६पर्यंत हे सारे कायदे गेले. १९६६च्या दुरुस्तीने उलट टिपलाच किमान वेतनाच्या हिशेबात जागा दिली. मालकाने कमी द्यावे, उरलेले गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघावे. मालकाने द्यायची ही किमान रक्कम संघराज्याच्या कायद्यात १९९१मध्ये ताशी २.१३ डॉलर ठरली आणि त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळात ती तेथेच राहिली. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी ही सवलत नाकारली, ही गोष्ट वेगळी.

भारतात १९४८च्या किमान वेतन कायद्याने अशी वजावट मालकाला दिली नव्हती. तरी टिप कोणाची, हा प्रश्न आपल्याही न्यायालयांत गेला. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये म्हटले की गिऱ्हाइकांनी दिलेली टिप हॉटेलने गोळा करून वाटली म्हणून ती मालकाने दिलेली रक्कम ठरत नाही. चाळीस वर्षांनी, २०१६मध्ये, आयटीसीच्या खटल्यात प्राप्तिकराच्या संदर्भात हेच सूत्र आले: कार्डाने दिलेली टिप हॉटेलमार्फत कर्मचाऱ्याला मिळाली तरी ती पगार नव्हे. कायद्याच्या भाषेत टिप ही दोन माणसांमधली गोष्ट राहिली, आणि मालक मधला हमाल.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे वैध ठरवली. ग्राहक म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो. सक्तीची बक्षिसी हा वदतोव्याघात आहे. पण या सगळ्या वादात मुख्य पक्षकार दोनच होते, पैसे देणारा आणि पैसे घेणारा. ज्याच्या नावाने तो आकार लावला जात होता त्याच्या हाती त्यातले किती पोहोचत होते, हा प्रश्न कडेलाच राहिला. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२४पासून लागू केलेल्या कायद्यात नेमका हाच प्रश्न मध्यभागी आणला: टिप आणि सर्व्हिस चार्ज, मालकाने काही न कापता, कामगारांत न्याय्य रीतीने वाटला पाहिजे. आपल्याकडे वाढणाऱ्याच्या बाजूने झालेला एक निर्णय मात्र आवर्जून नोंदवावा असा आहे. १० ऑक्टोबर २००६पासून हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. तोवर टेबलावर फडका मारणाऱ्या ‘पोऱ्या’ला आपण सारेच हाक मारत होतो. तो पूर्णपणे नाहीसा झाला असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही, पण त्याला तसे राबवणे हा गुन्हा ठरला.

आता ‘टीटीएमएम’कडे वळू. ‘तुझे तू, माझे मी’ या साध्या मराठी वाक्याची रोमन आद्याक्षरे घेऊन बनलेला हा शब्द कोणी घडवला, हे विचारण्यात अर्थ नाही. तो महाविद्यालयांच्या कट्ट्यांवरचा आहे. आपल्या पिढीतल्या शुद्धलेखनप्रेमींना तो खटकतो आणि वडीलधाऱ्यांना त्यातला अर्थही खटकत असे. ‘हिशेबी’ हे विशेषण आपण कौतुकाने वापरत नाही. आलेल्याला आग्रहाने वाढणारी, बिलासाठी काउंटरवर एकमेकांचे हात धरणारी पिढी होती ती. तिला मित्रामित्रांतला हा काटा कोरडा वाटावा हे स्वाभाविकच.

तरी मी या शब्दाच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याचे कारण मुली आहेत. जुन्या हॉटेलांत बायकांना बसायला ‘फॅमिली रूम’ असे. म्हणजे बाईने यावे ते कुटुंबाबरोबर, आणि बिल द्यावे ते पुरुषाने. मुलीचे पैसे मुलाने भरले की त्या चहाला एक न बोललेला अर्थ चिकटे. आपल्या चहाचे आपण पैसे दिले की तो चहा नुसता चहा राहतो. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला जे मिळाले नव्हते, आणि खानावळीतल्या खाड्याने जे थोडेसे दिले, ते निरुपकारी बसणे टीटीएमएमने मुलींना मिळवून दिले. शिवाय, समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतला भेदही या पिढीने बोलून दाखवला. सात जणांत सारखे भागिले केले की दहीभात खाणारा बिर्याणीचे पैसे भरतो. संकोचाने तो बोलत नाही. पुढच्या वेळी येतच नाही. मेसचे पैसे कसेबसे भरणारे विद्यार्थी वर्गाच्या पार्टीला गैरहजर का राहतात, हे आपण शिक्षकांनी पाहिलेले आहे.

म्हणजे पंगतीत बसलेल्यांपुरता हा इतिहास पुष्कळ पुढे गेला आहे. परमहंस सभेच्या गुप्त पावापासून टीटीएमएमपर्यंत, बसणाऱ्यांच्या समानतेची एक वाट दिसते. लग्नाच्या जुन्या पंगतीत वाढपी हा घरचाच माणूस असे. आत्ता वाढणारा पुढच्या पंगतीला बसे. हॉटेलातल्या वाढप्याची पुढची पंगत नसते. आमचा हिशेब होता तो एकमेकांचे मिंधे न राहण्याचा. पण ज्याचे खरोखर मिंधे होतो त्याच्यापाशी येताच आम्ही हिशेब सोडला आणि मर्जीची भाषा धरली: असेल सुटे तर देऊ. योग्य वेतन मिळाले तर टिपची गरज उरू नये, हे मला मान्य आहे. पण ते वेतन मिळते की नाही याची चौकशी न करता, केवळ तत्त्व म्हणून टिप वाचवणाऱ्याचा तात्त्विकपणा फार स्वस्त असतो.

पंधरा-वीस दिवसांनी मी त्या हॉटेलात पुन्हा गेलो. तो वेटर तेथे नव्हता. गावी गेला होता. त्याच्यासाठी ठेवायचे पैसे मी दुसऱ्याजवळ देऊ लागलो तेव्हा त्याने गल्ल्याजवळच्या डब्याकडे बोट दाखवले. “त्यात टाका सर. शनिवारी आम्ही वाटून घेतो. आचारी, वेटर, मोरीवाला, सगळे.” गावी गेलेल्याचे काय, असे मी विचारले.

“त्याचे खाडे धरतो,” तो म्हणाला, “पण तो होता त्या दिवसांचं बाजूला काढून ठेवलंय.”